बेल्जियन बीअर आणि आपले धणे



या सदरात आम्ही पुस्तकांवर लिहिलं, नाटकांवर लिहिलं, क्वचित एखाद्या कीर्तनावरही लिहिलं. या वेळचा अभिप्राय आहे बीअरच्या बाटलीवर. नाक मुरडू नका. बाटली घरची आहे, आणि ती करणाऱ्या मुलाला आमचं खरं मत हवं होतं. ते आम्ही वेळेवर दिलं नाही.

आमच्या मंगळवारच्या बैठकीत आम्ही चौघं असतो, सगळ्यांनी ऐंशी ओलांडलेली. आमच्यातल्या एकाचा नातू लष्करातून सुटल्यापासून बेर शेवाला मित्रांबरोबर राहतो आणि घरच्या घरी बीअर करतो. पेसाखनंतर तो दोन बाटल्या घेऊन आला. म्हणाला, "सबा, ही बेल्जियन पद्धतीची एल आहे. खास तुमच्यासाठी धणे आणि संत्र्याची साल घातली आहे." आम्ही 'शेहाकोल'ची ब्राखा म्हटली, घोट घेतला आणि चौघांनीही माना डोलावल्या. छान आहे, फार छान आहे! तेव्हा तो खुशीत येऊन म्हणाला, "मग बहिणीच्या मेंदीला हीच साठ बाटल्या करतो."

तो गेल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिलं. साठ बाटल्या! पाहुणे काय म्हणतील?

मग ठरवलं, की मत द्यायचं तर नीट द्यावं. तुलनेसाठी एक नावाजलेली बेल्जियन बाटली आणली, वेस्टमाले त्रिपेल. अँटवर्प प्रांतातल्या वेस्टमाले इथल्या मठात १८३६ पासून बीअर होते. ही त्रिपेल १९३४ मधली, आणि १९५६ पासून तिची कृती जवळजवळ तीच आहे. मद्यार्क ९.५ टक्के, म्हणजे साध्या बीअरच्या जवळपास दुप्पट. बेल्जियममध्ये १९१९ च्या कायद्याने गुत्त्यांत कडक दारू विकायला बंदी आली, आणि लोक जोरकस बीअरकडे वळले. आपल्यातल्या मुंबईकरांना हे सांगायला नको. मोरारजीभाईंच्या काळातल्या परमिटांच्या कहाण्या प्रत्येक घरात आहेत. बंदीने तहान जात नाही, वाट बदलते.

दोन्ही बाटल्या फ्रिजमधून काढून वीस मिनिटं बाहेर ठेवल्या. अशी बीअर बर्फागार प्यायली तर तिचा वास मिटून जातो. तळाशी यीस्टचा गाळ असतो, म्हणून ग्लास तिरका धरून हळू ओतली आणि शेवटचा बोटभर भाग बाटलीतच ठेवला.

आधी वेस्टमाले. रंग फिक्या सोन्यासारखा, फेस दाट आणि टिकणारा. वासात पिकलं केळं, थोडी लवंग, थोडी संत्र्याची साल. जिभेवर आधी गोडवा, मग मिरीसारखी चुणचुण, आणि शेवटी हॉप्सचा कोरडा कडवटपणा. घोट गिळल्यावर तोंड स्वच्छ होतं आणि दुसरा घोट हवासा वाटतो. जोर मात्र उशिरा कळतो, त्याबद्दल पुढे.

आता नातवाची. रंग गढूळ पिवळा, तो दोष नाही. फेस लगेच बसला. वास घेतला आणि चौघांच्याही तोंडून एकच शब्द निघाला: मसाल्याचा डबा! पहिल्या घोटात भाजलेले धणे, दुसऱ्यात भाजलेले धणे, आणि मागून सालीचा असा कडूपणा, की पाणी मागावं लागलं. जवाचा गोडवा कुठे तरी खाली दबून गेला होता.

गंमत अशी, की वेस्टमालेमध्ये मसाला मुळीच नाही. पाणी, मोड आणून वाळवलेलं जव, साखर, हॉप्स आणि यीस्ट, एवढंच. केळं आणि लवंग येते ती यीस्टमधून. बेल्जियन यीस्ट उबेत आंबवलं की ते स्वतःच असे सुवास तयार करतं. हे आपल्या बायकांना शिकवायला नको. सांदणांचं पीठ कुठल्या कोपऱ्यात, किती उबेत आणि किती वेळ ठेवायचं, यावरच चव ठरते, हे त्या आयुष्यभर जाणून आहेत. आपल्या पूर्वजांनी पेसाखला 'अनाशी ढाकाचा सण' म्हटलं, ते आंबट अनसाचं भांडं झाकून ठेवायच्या रीतीवरून. आंबण्याची ताकद आपल्या घरांना नवी नाही.

धणे आणि संत्र्याची साल बेल्जियममध्येही घालतात, पण ती गव्हाच्या पांढऱ्या बीअरमध्ये. ती बीअर बंदच पडली होती. पिएर सेलिस नावाच्या माणसाने १९६६ साली हूगार्डेन गावात ती पुन्हा सुरू केली. तिच्यातही धणे न भाजता नुसते ठेचून, उकळण्याच्या शेवटी घालतात. कच्च्या धण्यांना लिंबासंत्र्यासारखा वास असतो. भाजले की तो उडतो आणि रश्श्याचा वास येतो. आमच्या मुलाने आजीच्या हाताखाली धणे भाजायला शिकला, तसेच भाजले. सालीचा पांढरा भागही काढला नाही, म्हणून तो कडूपणा.

हे सगळं त्याला फोनवर सांगितलं. आधी खोटं बोललो, त्याची माफी मागितली. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "पण सबा, तुम्ही हिंदी माणसं. मला वाटलं, तुम्हाला मसाला जास्तच लागणार."

हे मात्र आम्हाला लागलं. या देशात आलो तेव्हापासून शेजाऱ्यांकडून हे ऐकतो आहोत, आता घरातूनही ऐकलं. मुला, आपल्या आज्यांचा नारळाच्या रसातला मासा आठव. त्यात कोथिंबीर किती, मिरची किती, हे कुणाला ओळखता येत नसे, पण काही कमी पडलं तर लगेच कळे. बेल्जियन मठातली बीअर आम्हाला परकी वाटली नाही, ती याच कारणाने. तुझी बीअर आमच्यासाठी केलेली असून परकी वाटली.

तेव्हा आमचा अभिप्राय असा. वेस्टमाले त्रिपेल: उत्तम. हेक्शेरचं ज्याने त्याने पाहावं. गोळ्या घेत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि एक छोटी बाटली तिघांत वाटून, जेवणाबरोबर घ्या. तळलेल्या माशाबरोबर ती फार जमते. नातवाची पहिली बीअर: मेहनत पुरेपूर, धणे चौपट. मेंदीला देऊ नये.

त्याने दुसरा घाणा लावला आहे. या वेळी धणे नाहीत, साल नाही, फक्त यीस्ट आणि सबुरी. परवा फोन आला होता, "खोली किती गरम ठेवू?" आम्ही म्हटलं, ते तुझ्या आजीला विचार. बाटल्या मेंदीच्या आधी दोन आठवडे तयार होतील. आम्ही चौघं चाखू, आणि या वेळी जे वाटेल ते त्याच्या तोंडावर सांगू.