ॲशक्रॉफ्ट, डेम पेगी
(२२ डिसेंबर १९०७ – १४ जून १९९१). श्रेष्ठ ब्रिटिश अभिनेत्री. जन्म इंग्लंडमधील क्रॉयडन येथे. लंडनच्या सेंट्रल स्कूलमध्ये नाट्यशिक्षण घेऊन १९२६ मध्ये तिने बर्मिंगहॅम येथे व्यावसायिक रंगभूमीवर पदार्पण केले. १९३० मध्ये पॉल रोबसनच्या ऑथेल्लोसमवेत तिने डेझ्डेमोना साकारली. १९३५ मधील तिची ज्यूलिएट विशेष गाजली. त्या प्रयोगांत जॉन गीलगुड व लॉरेन्स ऑलिव्हिए आळीपाळीने रोमिओ होत. १९५६ मध्ये तिला ‘डेम’ हा किताब मिळाला.

भारतीय प्रेक्षक तिला ओळखतात ते ए पॅसेज टू इंडिया (१९८४) या चित्रपटातील वृद्ध मिसेस मूर म्हणून. या भूमिकेसाठी तिला सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर पारितोषिक लाभले. द ज्यूएल इन द क्राउन (१९८४) या दूरदर्शन-मालिकेतील एकाकी मिशनरी बार्बी ही तिची भूमिकाही त्याच तोलाची, किंबहुना अधिक करुण. तथापि या दोन भूमिकांवरून तिचा अभिनय म्हणजे सौम्य वार्धक्याचे चित्रण, असा ग्रह करून घेणे अन्यायाचे होईल. इब्सेनच्या हेडा गाब्लरची (१९५४) थंड क्रूरताही तिने रंगविली होती. तिचे खरे सामर्थ्य शेक्सपिअरच्या ऐतिहासिक नाटकांवर आधारलेल्या द वॉर्स ऑफ द रोझेस (१९६३-६४) या नाट्यमालेत प्रकटले. पंचावन्न वर्षांची असताना तिने मार्गारेट राणीचा तारुण्यापासून शापवाणी उच्चारणाऱ्या जराजर्जर अवस्थेपर्यंतचा प्रवास उभा केला. रंगभूषेपेक्षा तिची भिस्त आवाजावर होती. बीबीसीने १९६५ मध्ये प्रसारित केलेल्या चित्रित प्रयोगांतून ही भूमिका सुदैवाने टिकून राहिली आहे.