जलरंगातील प्रमाद व परिमार्जन

तैलरंगात चूक झाकता येते. पारदर्शक जलरंगात ती फार तर उचलता येते, कारण तेथे प्रकाश म्हणजे कोरा राखलेला कागदच होय. सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांच्या म्हैसूर येथील ‘ग्लो ऑफ होप’ या चित्राची ख्याती जलरंगातील निर्दोषतेबद्दल आहे, व ती यथार्थ आहे. परंतु हीच कसोटी निसर्गचित्रास सरसकट लावणे अन्यायाचे ठरेल. दिव्याचा उजेड चित्रकाराच्या स्वाधीन असतो. पावसाळी आभाळ नसते. आषाढात सोमाटण्याहून घोरावडेश्वराचा डोंगर रंगविणाऱ्याचा कागद लवकर वाळतच नाही. अर्धवट सुकलेल्या रंगात पाणी शिरते आणि दातेरी कडांचे डाग उमटतात. तेव्हा कुंचला घासणे हा खरा प्रमाद. अपारदर्शक पांढऱ्याने डाग झाकला, तर आभाळाच्या जागी भिंतीचा गिलावा उरतो! रंग पुरता वाळू द्यावा, मग स्वच्छ पाण्याने डागाची कड सैल करून टीपकागद दाबावा. अल्ट्रामरीन बराचसा उचलला जातो. प्रशियन निळा मात्र कागदात मुरतो. उरलेला फिका डाग ढगात सामावतो, क्वचित तोच ढग होतो. डोंगराच्या कडेवरचा डाग मात्र क्षम्य नव्हे. तेथे कड विरघळली की डोंगर व आभाळ यांतील अंतरच नाहीसे होते.