अपयशी संगीतिकेचे पुनरुज्जीवन : ‘कॅरी’ (१९८८) संदर्भात एक पुनर्विचार

प्रस्तावना :

नाट्येतिहासात यशस्वी कृतींची चिकित्सा होते. अपयशी कृतींच्या वाट्याला बहुधा आख्यायिका येते. आख्यायिका एकदा रूढ झाली की मूळ संहितेकडे वळण्याची गरज कोणाला वाटत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर मे १९८८ मध्ये अवघ्या पाच प्रयोगांनंतर बंद पडलेली ‘कॅरी’ ही संगीतिका याचे ठळक उदाहरण होय. केन मँडेलबॉम यांनी ब्रॉडवेवरील चाळीस वर्षांतील अपयशी संगीतिकांचा इतिहास १९९१ मध्ये ग्रंथरूपाने मांडला, तेव्हा त्याच्या शीर्षकातच ‘कॅरी’चे नाव घातले. ही कृती पुनरुज्जीवनास पात्र आहे काय आणि असल्यास तिच्यातील नेमके काय पुन्हा उभे करावे, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ‘संगीतिका’ ही संज्ञा येथे गद्य, गीत व नृत्य यांतून कथानक पुढे नेणाऱ्या पाश्चात्त्य नाट्यप्रकारासाठी वापरली आहे. मराठी संगीत नाटकाहून तो भिन्न आहे.

अपयशाचा इतिहास :

स्टीफन किंग यांची ‘कॅरी’ ही पहिली प्रकाशित कादंबरी १९७४ ची. ब्रायन डी पाल्मा यांनी १९७६ मध्ये तिच्यावर चित्रपट केला. त्याचे पटकथाकार लॉरेन्स कोहेन यांनीच पुढे संगीतिकेची संहिता लिहिली. संगीत मायकेल गोर यांचे व गीते डीन पिचफर्ड यांची होती. कथानक थोडक्यात असे : कर्मठ, धर्मवेड्या आईच्या धाकात वाढलेल्या कॅरी व्हाइटला शाळेच्या स्नानगृहात प्रथम ऋतुप्राप्ती होते. त्याविषयी तिला काहीच सांगितले गेलेले नसल्याने ती घाबरते आणि वर्गमैत्रिणी तिची क्रूर टर उडवतात. शाळेच्या नृत्यसमारंभात तिच्यावर डुकराचे रक्त ओतले जाते, तेव्हा आपल्या मनःशक्तीने ती सर्वांचा संहार करते.

रॉयल शेक्सपिअर कंपनीने टेरी हँड्स यांच्या दिग्दर्शनाखाली १९८८ च्या आरंभी स्ट्रॅटफर्ड येथे ही संगीतिका सादर केली. तेथे आईची भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ गायिका-अभिनेत्री बार्बरा कुक हलत्या नेपथ्यामुळे होणाऱ्या गंभीर अपघातातून थोडक्यात बचावल्या आणि त्यांनी पुढे ब्रॉडवेला जाण्याचे नाकारले. त्यांची जागा बेटी बकले यांनी घेतली. कॅरीची भूमिका लिंझी हेटली यांची होती. १२ मे रोजी व्हर्जिनिया थिएटरमध्ये अधिकृत प्रारंभ झाला आणि १५ मे रोजी पडदा कायमचा पडला. सुमारे ७० ते ८० लाख डॉलरचा खर्च बुडाला. प्रयोगाअंती हुर्यो आणि जयजयकार दोन्ही एकाच प्रेक्षागृहातून उठत, ही नोंद मात्र विसरता कामा नये. निव्वळ टाकाऊ कृतीला असा दुभंगलेला प्रतिसाद मिळत नाही.

दोन सुरांचा प्रश्न :

‘कॅरी’वरील मुख्य आक्षेप एकात्मतेच्या अभावाचा आहे. आई व मुलीच्या प्रवेशांचे संगीत ऑपेराच्या उंचीला जाऊ पाहते, तर शाळेतील प्रवेशांचे संगीत ऐंशीच्या दशकातील नृत्यप्रधान पॉपचे आहे. हे दोन सूर जुळत नाहीत हे खरेच. परंतु तो दोष मानण्यापूर्वी कथानकाकडे पाहावयास हवे. घर आणि शाळा या दोन जगांत कॅरी जगते आणि या दोहोंची भाषा परस्परांना कळत नाही. सूर न जुळणे हाच येथे नाट्याशय आहे.

‘अँड ईव्ह वॉज वीक’ या द्वंद्वगीतात आई मुलीच्या ऋतुप्राप्तीला आदिपापाची शिक्षा ठरविते. मासिक धर्माभोवतीची ही भयग्रस्त धारणा, विटाळाची कल्पना जाणणाऱ्या मराठी वाचकाला अगदीच अनोळखी वाटणार नाही. उत्तरार्धात ‘व्हेन देअर्ज नो वन’ या गीतात तीच आई, मुलीला मारण्याचा निश्चय करताना, तिच्यावाचून उरणाऱ्या एकाकीपणाचा विचार करते. खलपात्र वाटणारी स्त्री येथे माणूस होते. ही दोन गीतेच पुनरुज्जीवनाचा सर्वांत सबळ आधार आहेत.

दोष होता तो प्रयोगात. हँड्स यांनी कथेला ग्रीक शोकांतिकेचे रूप देऊ पाहिले. पांढरे अमूर्त नेपथ्य, प्राचीन वळणाची वस्त्रे व अखेरीस अवतरणारा प्रचंड पांढरा जिना यांमुळे अमेरिकेतील लहान गाव रंगमंचावरून नाहीसे झाले. भयकथेत भय सर्वसामान्य दैनंदिनीला तडा देऊन शिरते. ती दैनंदिनीच पुसली गेल्यावर तडा जाणार कशाला? डुकरे मारण्याच्या ‘आउट फॉर ब्लड’ या प्रवेशाचे हसे झाले, त्याचे कारणही हेच.

२०१२ ची दुरुस्ती :

मूळ प्रयोगाचे अधिकृत ध्वनिमुद्रण निघाले नव्हते. चोरट्या ध्वनिफितींवरच या कृतीची कीर्ती टिकली. २०१२ मध्ये एमसीसी थिएटरने स्टॅफर्ड अरिमा यांच्या दिग्दर्शनाखाली मूळ लेखकत्रयीच्या सहभागाने सुधारित आवृत्ती सादर केली. ‘आउट फॉर ब्लड’ गाळले गेले, नवी गीते आली, आणि पश्चात्तापदग्ध वर्गमैत्रीण सू स्नेल हिच्या जबानीतून कथा उलगडू लागली. लहान रंगमंचामुळे माय-लेकींचे प्रवेश उठावदार झाले. तथापि, हास्यास्पद ठरण्याच्या धास्तीने कृतीतील उग्रताही सौम्य झाली. कॅरीचे दुःख सूच्या पश्चात्तापाच्या चौकटीत बसविले गेले. तिच्या वेदनेचा अर्थ दुसऱ्याच मुलीने सांगावा, ही तडजोड प्रस्तुत लेखकास मान्य होण्याजोगी वाटत नाही.

प्रेक्षकाची भूमिका :

पुनरुज्जीवनामागील हेतूचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ‘जगातील सर्वांत वाईट संगीतिका’ पाहून हसण्यासाठी जमलेला प्रेक्षक नकळत स्नानगृहातील वर्गमैत्रिणींच्या रांगेत उभा राहतो. एका कृतीची टर उडविण्यासाठी जमणे हे या संहितेच्या आशयाच्या थेट विरुद्ध आहे. २०१५ मध्ये लॉस एंजेलिस येथील प्रयोगात प्रेक्षकांना शाळेच्या व्यायामशाळेतील हलत्या बाकांवर बसविले गेले. बघ्यांनाही घटनेत ओढणारी ही योजना संहितेचे मर्म ओळखणारी होती. सुधारित आवृत्तीचे प्रयोगहक्क उपलब्ध झाल्याने शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थीही आता ही संगीतिका करतात. छळ करणारी व छळ सोसणारी मुले ज्या वयाची, त्याच वयाच्या नटांनी ती करणे हे तिच्या पुनरुज्जीवनाचे स्वाभाविक स्थान मानता येईल.

निष्कर्ष :

१. ‘कॅरी’चे अपयश प्रामुख्याने प्रयोगकल्पनेचे होते. संहितेत उणिवा आहेत, परंतु माय-लेकींचे प्रवेश उच्च प्रतीचे आहेत.

२. दोन संगीतशैलींतील विसंवाद हा दोष समजून घालविण्याऐवजी नाट्याशयाचा भाग म्हणून जपला पाहिजे.

३. ही संगीतिका पुनरुज्जीवनास पात्र आहे. मात्र ते १९८८ च्या भपक्याचे असू नये आणि २०१२ च्या सावधगिरीचेही असू नये. साधा रंगमंच, ओळखीचे गाव आणि कॅरीच्या स्वतःच्या दृष्टीतून सांगितलेली कथा ही त्याची किमान अट होय.

४. अपयशी कृतींचे मूल्यमापन त्यांच्या दंतकथेवरून न करता संहिता, संगीत व प्रयोग यांचा पृथक् विचार करून व्हावे. नाट्याभ्यासाच्या अध्यापनातही ही पद्धती उपयुक्त ठरेल.