स्वेच्छा कुणाची?

'शरिया' म्हटले की पाश्चात्त्यांच्या डोळ्यांपुढे तलवार आणि चाबूक उभा राहतो. मुळात या शब्दाचा अर्थ पाणवठ्याकडे नेणारी वाट. नमाज, रोजा, जकात, व्याज टाळणे हे सारे त्या वाटेवरचेच. लंडनमधला सामान्य मुसलमान शरिया पाळतो तो असा. पण पाणवठा म्हटले की चवदार तळ्याचा वारसा सांगणारा मी एकच विचारतो : या वाटेवर अडवले कुणाला जाते?

ब्रिटनमधील शरिया परिषदांवरचा, मोना सिद्दीकी यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा शासकीय अहवाल (फेब्रुवारी २०१८) याचे उत्तर देतो. परिषदांकडे येणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया असतात, आणि त्या येतात तलाकसाठी. नवरा स्वतः तलाक उच्चारू शकतो. तो अडून बसला की बायकोला परिषदेची पायरी चढावी लागते. परिषदेला कायद्याने कसलाही अधिकार नाही. तरी तिच्या कागदावाचून ही बाई मोकळी झाली, असे तिचा समाज मानत नाही. तलाक हवा तर नवऱ्याला सवलती दे, असे तिला सांगितल्याचेही अहवालात नोंदले आहे.

कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप रोवन विल्यम्स २००८ साली म्हणाले, शरियाचे काही अंश सामावून घेणे अटळ दिसते. स्त्रीचे हक्क हिरावले जाऊ नयेत, ही पुस्तीही त्यांनी जोडली. हेतू उदार होता. पण अशा उदारांचा सारा भरवसा 'स्वेच्छे'वर असतो. आमच्याकडे जातपंचायतीपुढे माणूस 'स्वखुशीने'च उभा राहतो. न राहिला तर वाळीत पडतो. ही स्वखुशी आम्ही ओळखतो.

उलट, 'परिषदा बंद करा' म्हणणाऱ्यांना त्या बाईपेक्षा मुसलमानांचा द्वेष जवळचा असतो. परिषद बंद झाली, तर अडलेली बाई अडलेलीच राहील. शिवाय इंग्लंडचा कायदाही तिला वाऱ्यावर सोडतो : नुसत्या निकाहला तो विवाहच मानत नाही, हे २०२० साली अपील न्यायालयाने स्पष्ट केले. मग घटस्फोटातली मालमत्तेची वाटणी तरी ती कशी मागणार?

म्हणून निकाहबरोबर वा त्याआधी नागरी विवाह व्हावा, ही अहवालाची शिफारस मला मोलाची वाटते. मात्र धर्मातली विषमता नोंदणीने मिटत नाही. परिषदेने काय द्यावे, एवढेच अहवाल विचारतो. बाईला मागावे का लागते, हा प्रश्न उरतोच. तो त्या स्त्रियाच विचारतील. आपण त्यांच्या बाजूला उभे राहायचे, त्यांच्या पुढे नाही.