पर्याय आणि स्वातंत्र्य : मुक्त आज्ञावलीच्या विचाराची चिकित्सा

विंडोज सोडून लिनक्स घ्यावे की घेऊ नये, संशोधनाची टिपणे एखाद्या बड्या कंपनीच्या दूरस्थ भांडारात ठेवावी की स्वतःच्या यंत्रावर ठेवावी, हे प्रश्न आता विद्यापीठांतही विचारले जाऊ लागले आहेत. परंतु ते बहुधा किमतीच्या आणि सोयीच्या भाषेत विचारले जातात. लिनक्सचा पुरस्कर्ता ते फुकट मिळते असे सांगतो. विरोधक ते अवघड आहे असे सांगतो. ह्या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते. ती ही, की आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, ही बाजारातून आणावयाची आणि जुनी झाली की टाकून द्यावयाची एक वस्तू आहे. ज्या विचारातून ही सारी पर्यायी सृष्टी उभी राहिली त्याने नेमके हेच गृहीत नाकारले होते. तेव्हा त्या विचाराचे जे दोन मूळ लेख, रिचर्ड स्टॉलमन ह्यांचा 1985 चा ग्नू जाहीरनामा आणि एरिक रेमंड ह्यांचा 1997 चा ‘द कॅथीड्रल अँड द बझार’ हा निबंध, त्यांची तपासणी केल्यावाचून निवडीच्या प्रश्नाला हात घालणे व्यर्थ होय.

स्टॉलमन हे अमेरिकेतील एम. आय. टी. ह्या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करीत. तेथे एकाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याने वाचावी, तीत सुधारणा करावी आणि ती तिसऱ्याला द्यावी, असा परिपाठ होता. 1980 च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचे एक मुद्रणयंत्र तेथे आले, पण ते चालविणाऱ्या आज्ञावलीची मूलसंहिता मात्र आली नाही. कागद अडकला असता वापरणाऱ्यास सूचना मिळावी, एवढी क्षुल्लक दुरुस्तीही त्यामुळे करता येईना. आणि जिच्यापाशी ती संहिता होती त्या व्यक्तीने गोपनीयतेचा करार पुढे करून ती देण्याचे नाकारले. 1983 मध्ये स्टॉलमन ह्यांनी संपूर्ण मुक्त अशा कार्यप्रणालीचा संकल्प जाहीर केला आणि दोन वर्षांनी जाहीरनामा प्रसिद्ध केला. आज्ञावली हव्या त्या कामासाठी चालविणे, तिचा अभ्यास करून ती बदलणे, तिच्या प्रती इतरांस देणे आणि बदललेली आवृत्तीही इतरांस देणे, ह्या ज्या चार स्वातंत्र्यांचा पुढे नित्य उच्चार होऊ लागला, त्यांचे बीज ह्या लेखात आहे.

जाहीरनाम्याची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच्या उत्तरार्धात आक्षेप मांडून त्यांचे एकेक करून खंडन केले आहे. आपल्याकडील शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष ह्यांची आठवण व्हावी अशी ही पद्धती आहे. परंतु शास्त्रकाराची पहिली अट अशी, की पूर्वपक्ष त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडावा. स्टॉलमन ह्यांनी त्या भागाच्या मथळ्यातच हे आक्षेप सहज खोडून काढता येण्यासारखे असल्याचे सांगून टाकले आहे, आणि निवडलेही तसेच आहेत. आज्ञावली लिहिणाऱ्याने पोट कसे भरावे, हा त्यांतील खरा जड आक्षेप. त्याला शिकवणी, दुरुस्ती, मदत ह्यांचा मोबदला घ्यावा, प्रसंगी संगणक घेणाऱ्यांवर एखादा कर बसवावा, अशी उत्तरे लेखात मिळतात. ती अगदीच निराधार नाहीत. रेड हॅटसारख्या कंपन्यांनी सेवेच्या बळावर मोठा व्यवसाय उभा करून दाखविला. पण ज्याच्या आज्ञावलीला शिकवणी लागत नाही, दुरुस्ती सहसा लागत नाही, आणि जी इतर शंभर आज्ञावल्यांच्या पायाशी निमूटपणे काम करते, त्या लेखकाचे काय, ह्याचा विचार लेखात नाही. नैतिक आवेशाच्या लेखनात श्रमाचा हिशेब असा नेहमीच मागे पडतो.

इंग्रजीतील ज्या शब्दाचा अर्थ मुक्त असाही होतो आणि फुकट असाही होतो, त्या शब्दाने ह्या चळवळीचा जन्मभर छळ केला. मराठीत मुक्त, मोफत आणि फुकट हे तीन शब्द वेगळे आहेत, आणि त्यांची प्रतिष्ठाही वेगळी आहे. म्हणजे जो घोळ निस्तरण्यासाठी इंग्रजी लेखकांना पानेच्या पाने खर्चावी लागली तो मराठीत होण्याचे कारणच नव्हते. तरीसुद्धा आपल्याकडे लिनक्सचा परिचय बहुतेक वेळा ‘मोफत प्रणाली’ असाच करून दिला जातो. भाषेने दिलेली सोय विचाराने वापरली नाही, असेच म्हणावे लागते.

रेमंड ह्यांचा निबंध अगदी निराळ्या स्वभावाचा आहे. हेलसिंकीतील विद्यार्थी लायनस टोर्वाल्ड्स ह्यांनी 1991 मध्ये लिनक्सचा गाभा जाहीर केला, 1992 मध्ये तो ग्नूच्या परवान्याखाली आला, आणि जगभरच्या अपरिचित माणसांच्या सहकार्याने तो वाढत गेला. हे कसे शक्य झाले, हा रेमंड ह्यांचा प्रश्न. त्यांचे उत्तर रूपकात आहे. थोड्या कारागिरांनी बंद दाराआड उभारलेले कॅथीड्रल हे जुन्या पद्धतीचे प्रतीक, आणि गजबजलेला बाजार हे नव्या पद्धतीचे. पाहणारे डोळे पुरेसे असले की कोणताही दोष लपून राहत नाही, हे त्या निबंधातील सर्वांत प्रसिद्ध प्रतिपादन. ह्या लेखनाने बड्या कंपन्यांना स्टॉलमन ह्यांच्या नीतीपेक्षा अधिक चटकन जिंकले. जानेवारी 1998 मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या न्याहाळकाची संहिता खुली करण्याचे जाहीर केले आणि पुढच्याच महिन्यात ‘मुक्त’ ऐवजी ‘खुला स्रोत’ हे नाव पुढे आणण्यात आले. नावातील हा बदल वरवरचा नव्हता. अधिकाराचा प्रश्न त्याने कार्यक्षमतेचा करून टाकला.

रूपक मनोवेधक असले तरी वस्तुस्थितीशी ते पुरते जुळत नाही. लिनक्सच्या गाभ्यात काय घ्यावयाचे आणि काय नाही, ह्याचा शेवटचा निर्णय टोर्वाल्ड्स ह्यांच्याकडे राहिला, आणि त्यांच्या खाली विभागवार जबाबदार माणसांची उतरंड आहे. बाजारात अशी उतरंड नसते; देवळाच्या बांधकामावर मात्र असते. डोळ्यांच्या सिद्धांताची कसोटी तर 2014 मध्ये लागली. इंटरनेटवरील गोपनीय व्यवहार ज्या ओपन-एसएसएल ह्या आज्ञावलीवर मोठ्या प्रमाणावर अवलंबून होते, तिच्यात ‘हार्टब्लीड’ नावाने पुढे कुप्रसिद्ध झालेला दोष दोन वर्षे राहिला होता. संहिता सर्वांस खुली होती. ती वाचण्यास मात्र फारसे कोणी बसले नव्हते. जगातील मोठमोठ्या कंपन्या जिचा उपयोग करीत त्या प्रकल्पास वर्षाकाठी देणग्यांतून मिळणारी रक्कम सुमारे 2,000 डॉलर होती. स्टॉलमन ह्यांच्या लेखात निसटलेला श्रमाचा प्रश्न रेमंड ह्यांच्या लेखातही निसटला, आणि येथे तो दारात येऊन उभा राहिला. वाचण्याचा अधिकार आणि प्रत्यक्ष वाचन ह्यांत जे अंतर आहे ते साहित्याच्या अभ्यासकांना वेगळे सांगण्याची गरज नसावी.

ह्याहून बोधक असे प्रकरण स्वतः लिनक्सच्याच इतिहासात आहे. गाभ्यातील बदलांची नोंद ठेवण्यासाठी 2002 पासून बिटकीपर हे साधन वापरण्यात येऊ लागले. ते खाजगी मालकीचे होते; लिनक्सच्या विकासकांना ते विनामूल्य, पण अटींवर मिळाले होते. स्टॉलमन ह्यांनी ह्या निवडीवर उघड टीका केली. टोर्वाल्ड्स ह्यांचा पवित्रा व्यवहाराचा होता: त्या कामाचे सर्वांत चांगले साधन ते, म्हणून ते घ्यावयाचे. 2005 मध्ये अँड्र्यू ट्रिजेल ह्यांनी बिटकीपरच्या कार्यपद्धतीचा छडा लावून तिच्याशी जुळणारे साधन लिहिण्यास आरंभ केला, तेव्हा मालकाने विनामूल्य वापराची सवलत काढून घेतली. जगातील सर्वांत मोठ्या मुक्त प्रकल्पाचे दैनंदिन काम एका परवान्याच्या शेवटच्या ओळीवर टांगलेले होते, हे तेव्हा उघड झाले. त्या एप्रिलमध्ये टोर्वाल्ड्स ह्यांनी गिट हे नवे साधन लिहावयास घेतले आणि जूनमधील गाभ्याची आवृत्ती त्याच्याच साहाय्याने बाहेर पडली.

ह्या प्रकरणाचा निकाल स्टॉलमन ह्यांच्या बाजूने लागला असे सामान्यतः सांगतात. ते खरे आहे, पण अपुरे आहे. सोडून जाण्याची वेळ आली तेव्हा दोन-तीन महिन्यांत दुसरे घर बांधू शकेल असा माणूस तेथे हजर होता. हे भाग्य एखाद्या नगरपालिकेच्या किंवा महाविद्यालयाच्या वाट्याला येत नाही. शिवाय गिटची रचनाच अशी, की प्रत्येक सहभागी व्यक्तीपाशी संपूर्ण इतिहासाची प्रत असावी, मध्यवर्ती मठाची आवश्यकता नसावी. आणि घडले काय? 2008 मध्ये गिटहब हे संकेतस्थळ निघाले, बहुसंख्य मुक्त प्रकल्प त्याच्या आश्रयास गेले, आणि 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टने ते 7.5 अब्ज डॉलरांना विकत घेण्याचे जाहीर केले. संहितेच्या प्रती आजही प्रत्येकाच्या घरी आहेत. पण तिच्याभोवती झालेली चर्चा, दोषांच्या नोंदी, परस्परांचा परिचय हे सर्व त्या वाड्यात आहे. माणसे साधनामुळे अडकत नाहीत, एकमेकांमुळे अडकतात, ही गोष्ट दोन्ही मूळ लेखांत कोठेही नाही. 1985 मध्ये ती दिसणे कठीणच होते.

म्युनिक शहराची कथा ह्या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवी. तेथील नगरसभेने 2003 मध्ये लिनक्सकडे जाण्याचा निर्णय घेतला, मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः तेथे जाऊन आले तरी तो बदलला नाही, आणि 2013 पर्यंत सुमारे 15,000 यंत्रे ‘लिमक्स’ ह्या शहराच्या स्वतःच्या प्रणालीवर आली. 2014 मध्ये महापौर बदलले, आणि 2017 मध्ये नगरसभेने पुन्हा विंडोजकडे वळण्याचे ठरविले. विरोधक ह्याला लिनक्सचा पराभव म्हणतात, आणि पुरस्कर्ते राजकारण म्हणून सोडून देतात. दोन्ही स्पष्टीकरणे आळशी आहेत. इतर कार्यालयांकडून येणारे दस्तऐवज मायक्रोसॉफ्टच्या स्वरूपात येत. शहराची अनेक विशेष कामे केवळ विंडोजवर चालणाऱ्या आज्ञावल्यांत होती. शहराने आपल्या यंत्रांवरची प्रणाली बदलली, पण ज्यांच्याशी पत्रव्यवहार करावयाचा त्यांची लिपी बदलणे त्याच्या हाती नव्हते. जर्मनीतीलच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने 2024 मध्ये सुमारे 30,000 यंत्रांबाबत असाच निर्णय घेतला, तेव्हा आरंभ लिब्रेऑफिसपासून आणि दस्तऐवजांच्या खुल्या स्वरूपापासून केला. हा क्रम अधिक शहाणपणाचा आहे.

दस्तऐवजाचे स्वरूप हा शब्दप्रयोग रुक्ष वाटतो, पण मराठीच्या अभ्यासकाला तो घरचा प्रश्न आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतरही कित्येक वर्षे मराठीतील बहुसंख्य मजकूर अशा फाँटांत जुळविला गेला, की ज्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांच्या जागी देवनागरीचे तुकडे, म्हणजे काना, मात्रा, अर्धे वर्ण, बसविलेले असत. पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसे. यंत्राच्या स्मरणात मात्र ती मराठी नसेच. तो विशिष्ट फाँट नसला की पानभर निरर्थक रोमन चिन्हे उमटतात. प्रत्येक निर्मात्याची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाची धारिका दुसऱ्याला वाचता येत नाही. वास्तविक भारतीय लिप्यांसाठी इस्की हा राष्ट्रीय संकेत 1991 मध्ये प्रमाणित झाला होता, आणि त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी त्याच्याच 1988 च्या रूपावर आधारलेली होती. प्रमाण उपलब्ध असता व्यवहार दुसरीकडेच गेला, कारण छापखान्याला सुबक अक्षर हवे होते आणि ते त्या फाँटांत होते. ही निवड त्या वेळी कोणालाही चूक वाटली नसेल.

आज ह्या धारिका युनिकोडमध्ये आणू पाहणाऱ्यास तिची किंमत कळते. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ ह्यांतील भेद जुन्या जुळणीत एका तुकड्याच्या आकारावर अवलंबून असतो. रूपांतर करणारी आज्ञावली तेथे चुकली, की डोंगरातील दऱ्यांचा समुद्र होतो. ‘ॲ’ हा वर्ण तर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे 2008 मध्ये आला; तत्पूर्वीच्या मजकुरात तो निरनिराळ्या युक्त्यांनी साधलेला आढळतो. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ पडद्यावर दिसावे, ह्यासाठी फाँटातच वेगळी तरतूद लागते. ह्या क्षेत्रात मुक्त आज्ञावलीने केलेले काम मात्र निःसंशय मोलाचे आहे. रेड हॅटने पुढे आणलेले ‘लोहित’ फाँट, मुंबईच्या एक टाइप ह्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फाँट, अक्षरजुळणीचे हार्फबझ हे साधन, ह्यांची संहिता खुली असल्यामुळे जोडाक्षर चुकते असे दिसले, तर ते दुरुस्त करणे कोणाही जाणकारास शक्य असते. झेरॉक्सच्या यंत्रावर स्टॉलमन ह्यांना जे करता आले नव्हते ते हेच. अर्थात येथेही दुरुस्ती करणारी माणसे मूठभर आहेत, आणि त्यांना मराठी लिपीच्या बारकाव्यांची माहिती पुरविणे हे भाषाविभागांचे काम असूनही त्या बाजूने फारसे काही होत नाही. भारत सरकारने 2015 मध्ये खुल्या स्रोताच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. धोरणाने परवानगी मिळते, जाणकार मिळत नाहीत.

तेव्हा एखाद्या विभागाने आपल्या शब्दकोशाची पत्रे, बोलींचे ध्वनिमुद्रण किंवा हस्तलिखितांच्या नकला कोठे ठेवाव्या, हे ठरविताना प्रणालीचे नाव दुय्यम समजावे. मजकूर युनिकोडमध्ये आहे काय, धारिकेचे स्वरूप प्रकाशित आणि प्रमाणित आहे काय, आणि सर्व सामग्री तिच्या नोंदींसह एका दिवसात दुसरीकडे उचलून नेता येईल काय, हे आधी तपासावे. आणि ते केवळ सेवेच्या माहितीपत्रकावरून नव्हे, तर प्रत्यक्ष एकदा उचलून नेऊन. विंडोजवर लिब्रेऑफिस वापरून खुल्या स्वरूपात लिहिणारा अभ्यासक, लिनक्सवर बसून सारे लेखन एकाच कंपनीच्या दूरस्थ भांडारात ठेवणाऱ्या अभ्यासकापेक्षा ह्या कसोटीवर अधिक मोकळा ठरतो. लिनक्सच्या कट्टर अनुयायांना हे रुचणार नाही. पण जाहीरनाम्याचा रोख प्रणालीच्या नावावर नव्हताच, आणि बिटकीपरच्या प्रकरणात अडचणीत आलेले लोक तर लिनक्सचेच निर्माते होते.

जुन्या फाँटांतील प्रबंध आणि नियतकालिकांचे अंक अद्याप अनेक ग्रंथालयांच्या तबकड्यांवर पडून आहेत. रूपांतर करून निघालेला मजकूर छापील प्रतीशी ओळीओळीने ताडून पाहण्याचे काम पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थ्यांकडे संपादनशास्त्राच्या अभ्यासाचा भाग म्हणून सोपविता येईल. पाठचिकित्सेसाठी पोथ्यांचे पाठभेद नोंदविण्याची जी पद्धती त्यांना शिकविली जाते तीच येथे लागते, आणि छापील प्रती अजून उपलब्ध आहेत.