‘डू’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ, उगम आणि उपयोजन : एक चिकित्सा

प्रस्तावना

‘डू म्हणजे करणे’ हे समीकरण मराठी विद्यार्थ्याच्या मनावर शालेय वयापासून ठसविले जाते. महाराष्ट्रात २००० पासून पहिल्या इयत्तेत इंग्रजी विषय सुरू झाला. तरीही ‘ही डिड नॉट वेंट’ यासारखी सदोष रचना पदवी वर्गाच्या उत्तरपत्रिकांतूनही आढळते. हा दोष केवळ विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणाचा मानणे अन्यायाचे ठरते. प्रस्तुत लेखात ‘डू’चा उगम व उपयोजन तपासून या समीकरणाची मर्यादा दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

उगम

प्राचीन इंग्रजीतील ‘डोन’ हे या क्रियापदाचे पूर्वरूप होय. जर्मन ‘टून’ व डच ‘डून’ ही त्याची सगोत्र रूपे आहेत. या सर्वांच्या मुळाशी असलेल्या आद्य भारोपीय धातूचा अर्थ ‘ठेवणे, स्थापणे’ असा मानला जातो. संस्कृतमधील ‘धा’ धातू त्याचाच वंशज. संस्कृत ‘ध’च्या जागी इंग्रजीत ‘ड’ येणे, हे याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेल्या ध्वनिपरिवर्तनाच्या नियमाशी सुसंगत आहे. विधी, विधान, निधी, विहित हे मराठीत रूढ असलेले तत्सम शब्द याच ‘धा’पासून सिद्ध झाले. इंग्रजीतील ‘डूम’ या शब्दाचा जुना अर्थ कायदा वा निवाडा, म्हणजे ‘घालून दिलेले’, असा होता. ‘विधी’शी त्याचे नाते त्यामुळे सहज ध्यानात येते. याउलट मराठी ‘करणे’ हे ‘कृ’ धातूपासून आलेले आहे. अर्थात, अर्थसाम्यासाठी व्युत्पत्तिसाम्य आवश्यक नसते. समीकरणाची खरी कसोटी उपयोजनात लागते.

उपयोजन

मुख्य क्रियापद म्हणून ‘डू’चा अर्थ बहुतांशी ‘करणे’ असाच होतो. तथापि ‘चूक करणे’ यासाठी इंग्रजीत ‘डू’ नव्हे, तर ‘मेक’ योजावे लागते. सहायक क्रियापद म्हणून मात्र ‘डू’ला कोशगत अर्थच उरत नाही. प्रश्नार्थक व नकारार्थी वाक्यांत काळ आणि पुरुष-वचन यांचा भार वाहणे, एवढेच त्याचे कार्य असते. ही योजना इंग्रजीत मूळची नाही. स्वीडिश अभ्यासक आल्वार एलेगोर्ड यांनी १९५३ मधील ग्रंथात तिच्या प्रसाराचा तपशीलवार मागोवा घेतला. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘डू’सह व ‘डू’विना अशा दोन्ही रचना आढळतात; सुमारे १७०० पर्यंत आजची व्यवस्था बऱ्याच अंशी स्थिरावली.

मराठीशी तुलना

मराठीत ‘तो गेला’ याचा नकार ‘तो गेला नाही’ असा होतो. भूतकाळाचे रूप मुख्य क्रियापदावरच राहते. इंग्रजीत तो भार ‘डिड’कडे जातो व मुख्य क्रियापद मूळ रूपात उरते. ‘डिड नॉट वेंट’ या चुकीमागे हा भेद एक महत्त्वाचे कारण असावा. परंतु वर्तमानकाळात मराठीची रचना इंग्रजीच्या जवळ येते. ‘तो जातो’ याचा नकार ‘तो जात नाही’ असा होताना मुख्य क्रियापदाचा प्रत्यय गळतो आणि ‘नाही, नाहीस, नाहीत’ ही रूपे पुरुष-वचनाचा भार घेतात. ‘ही गोज’चे ‘ही डज नॉट गो’ होताना नेमके हेच घडते. ‘का’ हे प्रश्नार्थक अव्यय मात्र विकारशून्य असल्याने प्रश्नवाक्यात हे साम्य उपयोगी पडत नाही.

निष्कर्ष

‘डू’च्या दोन कार्यांना ‘करणे’ हा एकच प्रतिशब्द देणे सदोष आहे. सहायक ‘डू’ला प्रतिशब्द न देता त्याचे कार्य समजावून द्यावे. त्यासाठी ‘जात नाही’, ‘जात नाहीत’ ही विद्यार्थ्याच्या नित्य बोलण्यातील रूपे प्रथम घ्यावीत व भूतकाळातील भेद त्यानंतर स्पष्ट करावा. मातृभाषेला चुकांचे मूळ ठरविणाऱ्या अध्यापनात तिच्यातील हे साहाय्य दुर्लक्षित राहते.