अनुभव लिहावा तो गोदावरीबाईंसारखा

‘माझ्या आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग’ हा निबंध शाळेत कधी ना कधी प्रत्येकाच्या वाट्याला येतो. केळवे-माहीमच्या मुलांनी तो लिहिला की त्यात समुद्र असतो, शितळादेवीची यात्रा असते, एखादे बक्षीस असते, आणि शेवटी ‘हा प्रसंग मी कधीच विसरणार नाही’ हे वाक्य असते. काय घडले ते सगळे येते. त्या घडण्याने लिहिणाऱ्यात काय बदलले, एवढेच राहून जाते. ते कसे लिहावे, हे शिकवणारे एक पुस्तक आपल्याच पालघर जिल्ह्याच्या मातीतून आले आहे : गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’. ते १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वारली आदिवासींच्या जमीनदार-सावकारांविरुद्धच्या लढ्याची हकिगत म्हणून त्याचे नाव आदराने घेतले जाते. स्वानुभवाचे लेखन म्हणूनही ते तितकेच मोठे आहे, आणि तसे ते वाचायला हवे.

गोदावरीबाई १९०७ साली पुण्याच्या सुखवस्तू गोखले घराण्यात जन्मल्या. त्या कायद्याच्या पदवीधर होत्या, भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य होत्या. अशी स्त्री डहाणू-तलासरीच्या रानात जाते, वारल्यांच्या झोपडीत राहते, त्यांच्या ताटातले खाते. या सामग्रीवर दुसऱ्या कोणी स्वतःच्या त्यागाची गाथा रचली असती. गोदावरीबाई स्वतःविषयी थोडे सांगतात आणि वारल्यांविषयी पुष्कळ. त्यांच्या लेखनाचे पहिले सामर्थ्य या प्रमाणात आहे.

लग्नगडी ही प्रथाच पाहा. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे उचलायचे आणि त्यापायी नवरा-बायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचे. कागद सावकाराचा, हिशेबही त्याचाच; कर्ज फिटणार कधी? कायदा शिकलेल्या बाईंना यातला बेकायदेशीरपणा पहिल्याच दिवशी कळला असणार. पण पुस्तकात त्या निकाल देण्याची घाई करत नाहीत. आधी तो माणूस दाखवतात, मालकासमोर त्याचे शरीर कसे आक्रसते ते दाखवतात. वेठ, मारहाण, उपासमार यांची वर्णने त्या चढ्या आवाजात करत नाहीत. विशेषणे बेताची, तपशील नेमका. त्यामुळे संताप वाचणाऱ्याच्या मनात उठतो, आणि तो उसना राहत नाही.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची, म्हणजे गोदावरीबाई काम करत असलेल्या शेतकरी संघटनेची, परिषद भरली. उंबरगाव भागातून मोजके वारली तिथे आले होते. त्यांच्यातला माह्या धांगडा व्यासपीठावर उभा राहून बोलला. मालकापुढे मान वर न करणारा माणूस हजारो शेतकऱ्यांसमोर स्वतःचे दुःख स्वतःच्या भाषेत सांगतो, ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट होती! पुढे २३ मे १९४५ रोजी झरी गावी वारल्यांची परिषद झाली. वेठ करायची नाही, बारा आणे मजुरीशिवाय कामाला जायचे नाही, असे ठरले. मग वारली लाल बावटा घेऊन गावोगाव निघाले आणि लग्नगड्यांना सोडवू लागले. इथे लेखिकेची जागा लक्षात घ्यावी. ज्यांना जागे करायला ती आली, ते तिच्या पुढे चालू लागले आहेत, आणि हे तिने मोकळ्या मनाने लिहिले आहे. अनुभव पिकल्याची खूण हीच.

या अनुभवाचा सर्वांत जड भाग तलवाडा या गावचा आहे. ऑक्टोबर १९४५ मध्ये बाई सभेला येणार अशी अफवा पसरली आणि हजारो वारली तिथे जमले. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याच्यासह आणखी चौघे मारले गेले. लोक जमले ते गोदाराणीच्या, म्हणजे बाईंच्या, नावावर, आणि ती स्वतः तिथे नव्हती. आपण हजर नसलेला प्रसंग आपल्या आयुष्याचा सर्वांत मोठा अनुभव ठरू शकतो, हे या पानांतून उमगते. शाळेतल्या निबंधात ‘मी तिथे होतो’ हे पहिले भांडवल. इथे ‘मी तिथे नव्हते’ यातून जबाबदारी जन्माला येते. विश्वास मिळवणे म्हणजे काय आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न पुस्तक संपले तरी सुटत नाही.

घटना आणि लेखन यांच्यामध्ये जवळपास पाव शतक गेले. त्या काळात गोदावरीबाईंनी तुरुंगवास भोगला. १९६५ मध्ये त्यांचे पती श्यामराव परुळेकर बंदिवासातच वारले. एवढे सोसल्यावर लिहायला बसलेल्या माणसाच्या हाती कडवटपणा येणे सहज होते. त्यांच्या हाती आली ती समज. माणूस आधी उपाशी असतो, मग घाबरलेला असतो, आणि भीती गेली की उपासमारीशी लढायला उभा राहतो. हा क्रम त्यांना लांबून पाहिल्यावर स्पष्ट दिसला असावा. वेळ गेल्यामुळे आठवण पुसट झाली नाही, तिच्यातला फाफटपसारा गळाला.

माहीमकरांनी हे पुस्तक वाचण्याला आणखी एक कारण आहे. आजच्या पालघर तालुक्याला इंग्रजी अमदानीत माहीम तालुका म्हणत. आपल्या पानवेलींच्या आणि केळींच्या वाड्या नुसत्या मालकांच्या कष्टावर उभ्या राहिल्या नाहीत. पूर्वेकडच्या आदिवासी पाड्यांवरून आलेल्या हातांनीही त्या शिंपल्या, खुरपल्या. त्या हातांची हकिगत आपल्या निबंधांत, आठवणींत, स्मरणिकांत फारशी येत नाही.

म्हणून स्वतःचा अनुभव लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाला, मग तो नववीतला मुलगा असो की निवृत्त शिक्षक, माझे सांगणे आहे : लिहून झाल्यावर त्यातला ‘मी’ थोडा बाजूला सरकवा आणि उरलेल्या जागेत दुसरा माणूस दिसतो का ते पाहा. दिसत नसेल तर पुन्हा लिहा. आणि त्याआधी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ एकदा सावकाश वाचा.